पुनवेचा दुसरा दिवस

लुकांग,
वर्षअखेरच्या नैवेद्यानंतरची सकाळ

प्रिय युन,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून लिहितेय, त्यामुळं मध्येच कुठं मैद्याचं बोट उमटलेलं दिसलं किंवा ओळ वाकडी गेली, तर गिऱ्हाईक आलं असेल असं समज. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, हे तूच मला चौथीत असताना ऐकवलं होतंस. तरी वाच. शेवटपर्यंत वाच आणि मग फाडायचं असेल तर फाड. शुएचू मावशीनं मला सगळं सांगितलं. वसुलीवाल्यांचे फोन तुझ्या बालवाडीत आले, मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्यांसमोर तुला विचारलं, ‘तुम्ही बँकेचे पैसे बुडवलेत का?’ आणि तू मावशीला म्हणालीस, ‘बाबांनी मुद्दाम हप्ते थकवले. माझ्यावरचा राग माझ्या नावावर काढला. जिंकलात म्हणावं त्यांना.’ त्या दिवसापासून तू फोनच उचलेनाशी झालीस, मग तो वसुलीवाल्याचा असो की आईचा. मी रागावले नाही हं. रोज वेगवेगळ्या नंबरांवरून शिव्या येत असतील, तर त्यात आईचा नंबर कोण शोधत बसेल! पण बाळा, तू समजतेस तसं झालेलं नाही. आणि जे झालं ते इतकं वेडपट आहे की लिहितानासुद्धा मला हसू आवरत नाही.

आधी भट्टीचं सांगते, म्हणजे ज्युनहोंगला हे वाचून दाखवलंस तर त्यालाही नीट कळेल. तू तुझ्या क्रेडिट कार्डावर आपल्या मिठाईच्या दुकानाला विजेची भट्टी घेऊन दिलीस, कारण कोळशाच्या भट्टीपुढं लाल झालेले बाबांचे डोळे तुला बघवत नव्हते. हप्ते तू भरणार होतीस. मग गेल्या नववर्षाच्या जेवणात तू ज्युनहोंगचं नाव काढलंस आणि तुझ्या बाबांनी पंचांग काढलं. तुझ्यात नि त्याच्यात सहा वर्षांचं अंतर. सहा वर्षांचं अंतर म्हणजे दोघांच्या जन्मवर्षांची एकमेकांशी टक्कर, असा संसार टिकत नाही, संपलं. मुलगा कसा आहे, कष्टाळू आहे का, तुला हसवतो का, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. त्यानं आपली बंद पडलेली स्कूटर एका दुपारी चालू करून दिली होती, तिच्यावरूनच बाबा दुसऱ्या दिवशी मैदा आणायला गेले, पण टक्कर ती टक्कर. तू बॅग भरलीस. ते म्हणाले, ‘गेलीस तर मला मुलगी नाही.’ तू म्हणालीस, ‘नसू दे.’ दोघंही एकाच मातीची, मी मध्ये कपाळाला हात लावून. तू गेलीस तसे ते मला म्हणाले, ‘तिचा एक पैसा मला नको. भट्टीचे हप्ते मी भरणार.’ ते मी तुला फोनवर कळवलंही होतं. बँकेची बिलं आपल्याच पत्त्यावर यायची. पहिलं बिल त्यांनी उचललं, हप्ता किती आणि कधी एवढं वाचून घडी करून खिशात घातलं. मी मनात म्हटलं, चला, निदान पैशाचं तरी भांडण मिटलं.

हिवाळ्याच्या तोंडाला फोन सुरू झाले. पहिला मीच उचलला. पलीकडून एक माणूस, स्वतःला वांग साहेब म्हणवणारा, आवाज असा की घशात खडे भरलेत. ‘शिह पेइयुन कुठंय?’ मी म्हटलं, ‘काओश्युंगला. आपण कोण?’ तर म्हणतो, ‘आम्ही कोण ते तिला चांगलं ठाऊक आहे. बँकेचे पैसे खाऊन लपून बसलीय.’ मी म्हटलं, ‘माझी मुलगी पैसे खात नाही हो, तिला साधं सारण जास्त गोड झालेलं चालत नाही.’ त्यानं फोन आपटला. मला वाटलं, मी जिंकले. कसलं काय, दुसऱ्या दिवसापासून रतीब लागला. नैवेद्याच्या वेळी फोन, भाताचा पहिला घास तोंडात जातो न जातो तोच फोन, दुकानात दहा माणसं असताना फोन. ‘तुमच्या वस्तू उचलून नेऊ. तुमच्या दारात माणसं बसवू.’ मी बाबांना सांगायची, चुकीचा नंबर लागला. एकदा ते भट्टीपुढून ओरडले, ‘गावात एवढे चुकीचे नंबर लागत असतील तर टेलिफोन खातं बंद करा म्हणावं!’ मी हसले खरी, पण त्या दिवशी तीन खोक्यांत बिस्किटं कमी भरली.

मग त्या मेल्यानं समोरच्या शुएचू मावशीला फोन केला. तुला माहीत आहे मावशी. तिच्या उदबत्तीच्या दुकानात तू काही बोललीस की ते संध्याकाळपर्यंत देवळाच्या पायरीवर पोचतं. ती हातात उदबत्तीचा पुडा तसाच धरून रस्ता ओलांडत आली आणि अर्ध्या रस्त्यातूनच सुरू झाली, ‘छिंगश्वेइभाऊ, तुमच्या पोरीचं बँकेत काय झालंय हो? तो मला विचारतोय, ती चोर आहे का म्हणून! मी म्हटलं, चोर तुझा बाप!’ तिची माया खरी, पण आवाज केवढा. सगळ्या गल्लीनं ऐकलं. बाबांचा चेहरा मैद्यासारखा पांढरा पडला. त्यांना वाटलं, भट्टीचे हप्ते तर आपण वेळेवर भरतो, म्हणजे हे तुझं दुसरंच काही कर्ज. मला म्हणाले, ‘बघ, त्या स्कूटरवाल्यानं तिला कर्जात लोटलं. आणि तिनं नंबर कोणाचा दिला? आपला. गावात माझी नाचक्की करायला.’ म्हणजे तिकडं तू समजत होतीस की बापानं सूड घेतला, इकडं बाप समजत होता की मुलीनं सूड घेतला, आणि मी दोन्हीकडून शेकत होते. मी म्हटलं, ‘अहो, तिला एकदा विचारा तरी.’ तर म्हणाले, ‘कोणाला विचारू? मला मुलगी नाही.’ हे वाक्य मी वर्षभर ऐकत होते. भाजी खारट झाली तरी ते तेच म्हणायचे.

आता त्या रविवारचं ऐक. देवीच्या दर्शनाला तैपेईहून बस आली होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी खोकी बांधत होते, फोन वाजला आणि मी पोचायच्या आत बाबांनी मैद्याच्या हातानं उचलला. उचलला तो कानापासून वीतभर लांब धरला, कारण वांग साहेब इतक्या जोरात ओरडत होता की शेवटच्या रांगेतल्या बाईलाही स्पष्ट ऐकू जात होतं. ‘ए म्हाताऱ्या, शेवटचं सांगतो. पैसे भर, नाहीतर उद्या तुझ्या दारात मढ्यांच्या नोटा उधळतो!’ मेलेल्यांसाठी जाळायच्या नोटा जित्या माणसाच्या दारात म्हणजे केवढा अपशकुन, आणि तुझे बाबा तर मांजर आडवं गेलं तरी तीनदा थुंकणारे. मला वाटलं, आता हे खाली बसतात. पण ते शांतपणे म्हणाले, ‘उधळ. समोर शुएचूकडे मिळतात. घाऊक घेतल्यास तर स्वस्त पडतील. झाडू मात्र तुझा तू आण.’ दुकान हसलं. तो आणखी भडकला. म्हणाला, ‘पोरगी चोर निघाली आणि बाप विनोद करतोय! असली अवलाद वाढवलीच कशाला?’

युन, मग तुझे बाबा जे ओरडले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ‘कोणाला चोर म्हणतोस रे? माझी मुलगी आहे ती! रस्त्यात पाकीट सापडलं तर शाळा बुडवून देवळाच्या भोंग्यावरून पुकारा करायला लावणारी पोरगी! पहिल्या पगारात स्वतःला चपला घेतल्या नाहीत, बापाला डोळ्यांचं औषध आणलं! माझ्या मुलीचं नाव घ्यायचं तर आधी तोंड धुऊन ये!’ माझी मुलगी. वर्षभरानं. दुकानभर माणसांसमोर. मी खोकी तिथंच टाकली, मागच्या खोलीत मैद्याच्या पोत्यांआड जाऊन उभी राहिले आणि रडले. दुःखानं नाही गं. त्या वांग साहेबाला मी इतके दिवस शिव्या घातल्या, पण त्या क्षणी तो समोर असता तर त्याच्या हातात बिस्किटांचा डबा ठेवला असता.

बाहेर मात्र खेळ संपला नव्हता. वांग म्हणत होता, ‘एवढी गुणाची आहे तर भट्टीचे हप्ते का थकवते?’ बाबा गडबडले. ‘भट्टीचे? भट्टीचे मी भरतो! दर महिन्याच्या सोळाव्याला, एकदाही चुकलेलो नाही!’ ‘आमच्याकडे एकही हप्ता सोळाला आलेला नाही. दर वेळी उशीर. उशिराचा दंड, दंडावर व्याज, त्या व्याजावर परत दंड.’ ‘साफ खोटं! भूमिदेवाला नैवेद्य दाखवतो, उदबत्ती विझली की अंगातला चांगला सदरा न काढता तसाच बँकेत जातो. देव साक्षी आहे!’ तुला सांगायला नको, बीजेला आणि पुनवेच्या दुसऱ्या दिवशी आपलं दुकान आधी भूमिदेवाचं, मग गिऱ्हाइकांचं. पुनवेचा दुसरा दिवस म्हणजे चांद्र महिन्याची सोळावी तिथी. वांग हळूच म्हणाला, ‘काका... तुम्ही नैवेद्याच्या सोळाव्याला भरता?’ बाबा म्हणाले, ‘मग आणखी कुठला सोळावा असतो?’

आधी त्या बसमधल्या एका आजींना हसू फुटलं, मग सगळ्या दुकानाला, आणि मग, काय सांगू, फोनमधूनसुद्धा हसू ऐकू आलं. त्याच्या घशातले खडे कुठल्या कुठे गेले, साहेबी बोलणं गेलं, आणि तो थेट आपल्या गल्लीतल्यासारखा बोलायला लागला. ‘अहो काका, बँक तारखेवर चालते हो, चंद्रावर नाही! माझी आजीपण असलीच. ती तिथी सांगते, मी तारीख धरतो, आणि आजोबांच्या वाढदिवसाला दर वर्षी चुकीच्या दिवशी केक घेऊन उभा!’ मग मागून कोणीतरी खाकरलं असावं, कारण तो लगेच पुन्हा साहेब झाला, ‘दंड मात्र पुरा भरावा लागेल’ म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यानं फोन न आपटता ठेवला. भिंतीवर आपलं रोज पान फाडायचं कॅलेंडर आहे ना? वर एवढी मोठी तारीख, खाली मुंगीएवढी तिथी. तुझ्या बाबांनी जन्मात कधी वर पाहिलं नाही. आणि हे वर्षही असं खट्याळ की सोळावी तिथी तारखेच्या मागून मागूनच चालत राहिली. बिचारे दर महिन्याला नटूनथटून, केस चापून, वेळेवर उशिरा जात होते.

मी विचारलं, ‘अहो, मग बँकेनं काही कळवलं नाही?’ तर त्यांनी भट्टीखालून पाकिटांची चवड ओढून काढली. भट्टीचा एक पाय आखूड आहे, त्याखाली हे बँकेची जाड पाकिटं जाहिरात समजून सरकवत होते. न उघडलेल्या सगळ्या ताकिदी भट्टीला टेकू देत होत्या! दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते बँकेत गेले. खिडकीतल्या मुलीनं सगळं ऐकलं, आत जाऊन वरिष्ठांना सांगितलं, आतूनही हसण्याचा आवाज आला म्हणे, आणि दंड निम्मा करून मिळाला. उरलेला बाबांनी तिथंच भरला, भट्टीचे राहिलेले हप्तेही एकदम फेडून टाकले. पण उठेनात. म्हणाले, ‘माझ्या मुलीकडे काही बाकी नाही आणि चूक तिची नव्हती, असं लिहून द्या. शिक्क्यासकट.’ ती मुलगी म्हणाली, असं लिहून द्यायची पद्धत नाही. हे म्हणाले, ‘मुलीच्या शाळेत फोन करायची पद्धत होती, मग ही पण काढा.’ बंद करायच्या वेळेपर्यंत बसून राहिले आणि घेऊनच आले. तो कागद सोबत ठेवलाय. मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर ठेव आणि चहा मागव.

गल्लीत आता आमची जी काय थट्टा चाललीय, विचारू नकोस. शुएचू मावशी उदबत्तीचे पैसे मागताना विचारते, ‘भाऊ, कुठल्या सोळाव्याला देणार?’ बाबा चिडत नाहीत, हेच मला नवल. मला मात्र राहवलं नाही. परवा जेवताना बोलून टाकलं. म्हटलं, ‘ज्या पंचांगाच्या भरवशावर तुम्ही पोरीचं नाव बँकेत घालवलंत, त्याच पंचांगाच्या भरवशावर तिला घराबाहेर काढलंत. बँकेची चूक दंड भरून सुटली. या दुसऱ्या चुकीचा दंड कुठल्या खिडकीवर भरणार?’ त्यांनी जेवणाच्या काठ्या खाली ठेवल्या, भात तसाच टाकला आणि देवळात निघून गेले. देवीपुढं कौल लावला, हे मला कोणाकडून कळलं ते तू ओळखलंच असशील. लाकडी कौल तीनदा सरळ पडायला हवा ना? पहिल्यांदा दोन्ही तुकडे उताणे पडले, म्हणजे देवीनं नुसतं हसून दाखवलं. दुसऱ्यांदाही हसलीच. मावशी म्हणते, ‘भाऊ गुडघे टेकून बसले होते आणि म्हणत होते, हसायचं तेवढं हस, पण हो म्हण.’ मी विचारलं, ‘मग म्हणाली का?’ मावशी म्हणाली, ‘म्हणाली असेल, नाहीतर हा माणूस अजून तिथंच बसलेला असता.’

काल वर्षअखेरचा नैवेद्य झाला. आपले दोन कामगार आणि आम्ही दोघं एवढेच पानावर. तुझी जागा मी रिकामी ठेवली होती, दर वर्षीची सवय, हात गेलाच. अख्खी कोंबडी ताटात आली. कोंबडीची चोच ज्याच्याकडं, त्याला नव्या वर्षी काम नाही, म्हणून दोघंही पोरं श्वास रोखून बसली होती. बाबांनी ताट फिरवलं, फिरवलं आणि चोच स्वतःकडं करून ठेवली. थोरला आ-हाय घाबरला, ‘मालक, तुम्ही स्वतःलाच काढणार?’ ते म्हणाले, ‘काढायचंच तर ज्यानं चूक केली त्याला काढावं.’ पोरं हसली, त्यांना वाटलं बँकेचं बोलताहेत. मी नाही हसले. मी कोंबडीची तंगडी उचलून त्यांच्या वाडग्यात घातली आणि त्यांनी ती मान खाली घालून खाल्ली.

आणि आता हे पत्र का लिहितेय ते. मी आपणहून लिहिलं असं तू समजत असशील, तर तसं नाही. पोरं गेल्यावर बाबा हात धुऊन माझ्यासमोर येऊन बसले आणि भिंतीकडं बघत म्हणाले, ‘ती फोन उचलत नाही ना? मग पत्र लिही. तिला विचार, पेट्या किती लागतील?’ मला कळलं, पण मी कशाला सोडते. विचारलं, ‘कसल्या पेट्या?’ ‘लग्नाच्या मिठाईच्या, आणखी कसल्या! शिहची मुलगी बाजारची मिठाई वाटणार काय?’ मी म्हटलं, ‘नीट ऐकू आलं नाही.’ तर तेवढ्याच मोठ्यानं पुन्हा म्हणाले, बहुतेक मावशीलाही ऐकू गेलं. मिठाईचे पैसे नवऱ्याकडच्यांनी द्यायचे असतात हे मी आठवण करून दिलं, तर म्हणाले, ‘त्या पोराकडून छदामही घेणार नाही. स्कूटरच्या दुरुस्तीचे पैसे द्यायचे बाकी आहेत त्याला. आणि विचार, त्याच्या घरच्यांना तीळ चालतात का.’ लाल कागद आणायला आज सकाळीच गेलेत, आणि मुगाचं पोतं उघडून ठेवलंय. जाता जाता दारातून परत आले. नवरीनं स्वतःच्या लग्नाची मिठाई खाल्ली तर ती आपलंच भाग्य खाते, असं आपल्यात म्हणतात. ते मला म्हणाले, ‘हे चुकूनसुद्धा मोडायचं नाही. पण मग तिनं काय नुसतं बघत बसायचं? तिला लिही, पहिला घाणा मी लग्नाचा लाल छाप न मारता काढणार आहे. तो लग्नाचा नाही. तो नुसता तिच्या बापानं केलेला. तो गरम असतानाच खायचा, म्हणजे तिला मिठाई वाटायच्या आदल्या दिवशी इथं यावं लागेल.’

तुझीच,
आणि फोनशेजारी बसलेली,
आई